सुपारीचं जाकीट

आमच्या सौसरात कोणाच्या घरी काय शिजून राहिलं, हे मला त्या घरच्या बाईच्या आधी समजतं, असं लोक म्हणतात. लोक खरं म्हणतात. फक्त शेजारच्या कवडू सांबारेच्या मनात काय शिजतं ते मला दोन वर्षांपासून सांगता आलेलं नाही. तिथे चूलच पेटलेली दिसत नाही.

कवडू म्हणजे ढोर दवाखान्यातला चपराशी. तीस वर्षं त्याने एकच काम केलं, जनावर धरायचं आणि बांधायचं. डॉक्टर आले, बदलून गेले, पण सुई टोचायची वेळ आली की कवडू पाहिजे. एका हातात बैलाचं शिंग आणि दुसऱ्या हाताने दाव्याची गाठ फासात कधी गेली, हे बैलालाही कळायचं नाही. रिटायर झाल्याच्या दुसऱ्या वर्षी त्याला लकवा आला. तोंड सरळ झालं, पाय सरळ झाला, उजवा हात तेवढा राहिला. हात थोडाफार हलायचा, पण त्याला समजायचं काही नाही. चहाचा गिलास त्यात दिला तर चामडी भाजेपर्यंत पत्ता लागायचा नाही.

त्याची बायको प्रेमलता त्याला जामसांवलीच्या मारुतीला घेऊन गेली आणि महिनाभर खोली करून राहिली. पाय तिथेच सुधारला असं ती सांगते. हात राहिला तो माझ्यामुळे. मी भेटायला गेलो तेव्हा आरतीच्या वेळी हसलो होतो म्हणे. मी हसलो होतो हे खरं आहे. माझ्या पुढच्या माणसाच्या टोपीवर वानर बसलं होतं. पण तेवढ्यासाठी मारुती कवडूचा हात अडवून ठेवील असं मला वाटत नाही. प्रेमलताला वाटतं. ती मला भाऊजी म्हणते आणि हिशेबात धरते.

हाताबरोबर कवडूचं आतलंही काहीतरी बधिर झालं. त्याचा थोरला भाऊ सावरगावला वारला, तेव्हा हा गेला, मातीला बसला, परत आला आणि कुत्रीला पोळी घालू लागला. मी लाज सोडून विचारलं, रडू आलं का. नाही म्हणाला. वाईट वाटलं का, तर म्हणाला, "वाटलं असन."

कुत्रीचं नाव सुपारी. अकरा वर्षांपूर्वी कोणीतरी तिला मोडक्या पायासकट पोत्यात घालून दवाखान्यात सोडून गेलं. पाय बांधला गेला आणि न्यायला कोणीच आलं नाही, तेव्हा कवडूने घरी आणली. अडकित्त्याने कातरलेल्या सुपारीचा रंग, म्हणून ते नाव. आता म्हातारी झाली. पाठीचे आणि पोटाचे केस खरजेने गेले ते परत आलेच नाहीत. मागच्या थंडीत तिची छाती भरली आणि वीस दिवस ती खोकत राहिली. दवाखान्यात नव्या आलेल्या शिवानी मॅडमनी तेव्हाच बजावलं होतं की पुढच्या थंडीत हिच्या छातीला वारा लागू देऊ नका. सकाळ-संध्याकाळ अंगावर गरम काही घाला, ऊन आलं की काढा, दवाने ओलं झालं तर लगेच काढा. पुन्हा छाती भरली तर या वयात ती निघणार नाही.

हे सगळं प्रेमलता करत होती तोवर ठीक होतं. स्वतःची जुनी शाल कुत्रीभोवती गुंडाळून पिना लावायची. कुत्रीसारखी कुत्री, पण दिसायची एखाद्या आजारी सासूसारखी. मी हे बोललो तर प्रेमलता म्हणाली की तुमच्या बायकोचं नशीब, ती लवकर सुटली.

पण जानेवारीत सुनेचं, चंचलचं, दुसरं बाळंतपण यायचं होतं. पहिलं माहेरी झालं होतं, दुसरं सासरच्यांनी करायचं. मुलगा योगेश पांढुर्ण्यात मास्तर, भाड्याच्या घरात राहतो, आणि घरमालकाला कुत्रं चालत नाही. प्रेमलताने सगळं ठरवून टाकलं. ती आणि कवडू दोघंही पांढुर्ण्याला जातील. सुपारी जाईल बोरगावला, तिच्या भावाकडे, गजेंद्रकडे. त्याच्या बगीच्यात मृगाचा संत्रा झाडावर होता, रानडुकरं येऊन राहिली होती, राखायला कुत्रं हवंच होतं. बांधीन मोटारीच्या खोलीजवळ, असं तो म्हणाला. मोटारीच्या खोलीजवळ कशी थंडी असते ते ज्याने रब्बीत पाणी वळलं त्याला विचारा. प्रेमलतालाही ते माहीत होतं, म्हणून बोलताना ती कुत्रीकडे पाहत नव्हती.

तेव्हा कवडू बोलला. त्या महिन्यातलं त्याचं पहिलं मोठं वाक्य ते. "तू जाय. मी राहतो हिच्यापाशी."

"आन् शाल कोण गुंडाळन? पिना कोण लावन?" प्रेमलता म्हणाली. "एका हातानं? तुमाले सोताले टोचली तरी समजत नाही."

मग तिने अट घातली. ती निघण्याच्या दिवशी, तिच्यासमोर, कवडूने एकट्याने कुत्रीला गरम कपडा घालून दाखवायचा आणि काढून दाखवायचा. जमलं तर तो सौसरात राहील आणि सुपारीही. नाही जमलं तर गजेंद्र गाडी घेऊन येईल. तीन आठवडे होते.

हे मी संध्याकाळच्या आत बसस्टँडपर्यंत पोचवलं. तिथे दोन तट पडले. थोडे म्हणाले की त्याला कुत्रीचा लळा आहे, बरेचसे म्हणाले की कवडूला बायकोसोबत दोन महिने सुनेच्या घरी राहायचं नसेल, कुत्रं नुसतं निमित्त आहे. हे मीच आधी बोललो होतो, पण फिरून माझ्याकडे आलं तेव्हा ते मला फार पटलं.

पहिलं जाकीट योगेशने मोबाइलवरून मागवलं. बापाची बाजू त्याला उघड घेता येत नव्हती, म्हणून आईला न विचारता मागवलं. पाकीट आलं, गल्ली जमली. आत गुलाबी रंगाचं, टोपीला दोन कान असलेलं एक प्रकरण होतं. कुत्रीला स्वतःचे कान असताना वरून आणखी दोन कशाला, हे कोणालाच सांगता आलं नाही. योगेशने माप कुत्रीच्या वजनावरून दिलं होतं, ते गळ्याला सैल आणि छातीला घट्ट झालं. पोटाखाली चाप होता, शाळेच्या दप्तराला असतो तसला. प्रेमलताने तो खटकन लावून दाखवला. कवडूने वाकून एका हाताने लावायला घेतला तर एक तोंड धरावं तेव्हा दुसरं निसटे. गळ्याशी चिकटपट्टी होती. ती एका हाताने लागत होती, पण काढताना जो टर्रकन आवाज झाला त्याने सुपारी खाटेखाली गेली ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही. कवडूने जाकिटाची घडी घालून पाकिटात ठेवली. चेहऱ्यावर काही नाही. मी म्हटलं, कवडू, गुलाबी रंग तुलाच शोभला असता. तो म्हणाला, "हाव."

चिडवलेल्या माणसाने हाव म्हटलं की चिडवणाऱ्याने काय करावं? मी घरी आलो.

दुसरं जाकीट मुकुंद शिंप्याकडे गेलं. मुकुंदचं नाव झुलीसाठी. पोळ्याच्या आधी महिनाभर त्याच्या दुकानात माणसांचे कपडे शिवून मिळत नाहीत, सगळीकडे बैलांच्या झुली पसरलेल्या असतात. कुत्र्याचं जाकीट म्हटल्यावर त्याला अपमान वाटला नाही, उलट माप आणा म्हणाला. सुपारीने त्याला अंगाला हात लावू दिला नसता. ती दुकानाच्या पायरीवरूनच त्याच्या कैचीवर गुरगुरत होती. मग कवडूने घरी सुतळीने माप घेतलं. मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत एक गाठ, गळ्याभोवती एक गाठ, पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती एक गाठ. अशी तीन गाठींची सुतळी मुकुंदला नेऊन दिली.

मुकुंदने आठ दिवसांनी जे आणून दिलं ते पाहून गल्लीतल्या बायका ओट्यावर बसून हसल्या. ती झूलच होती. हिरवं मखमल, काठाला पोळ्याचे उरलेले आरसे, चारी कोपऱ्यांना गोंडे. पाठीवर टाकायची आणि पोटाखालून दोन नाड्यांनी बांधायची. बैलाचं पोट कोण झाकतं? मुकुंदच्या हाताला तीच सवय. सुपारीची पाठ पोळ्याला निघाली होती आणि छाती, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती उघडी. त्यात नाड्या इतक्या ढिल्या की दोन पावलं चालली आणि सगळी झूल पोटाखाली आली. तिचा मागचा पाय गोंड्यात अडकला आणि ती आडवी झाली. उठली आणि तशीच उभी राहिली, आरशांमध्ये ऊन घेऊन.

मुकुंद चिडला. झुलीचा दोष कबूल करीन, म्हणाला, पण ढिलेपणाचा नाही, सुतळीवर जेवढं होतं तेवढंच कापलं. कवडू म्हणाला, माप बरोबर होतं. वाद मिटवायला दोघांमध्ये एक शहाणा पाहिजे होता आणि मी तिथेच होतो. मी म्हटलं, माझ्यासमोर पुन्हा माप घे.

कवडू खाली बसला. सुपारी त्याच्या पुढ्यात उभी राहिली. त्याने उजव्या हाताने, म्हणजे डाव्याने उजवा हात उचलून, सुतळीचं एक टोक तिच्या छातीवर दाबलं, मग डाव्या हाताने सुतळी पोटाखालून फिरवून वर आणली, ताणली आणि दाताने गाठ मारली. सगळं नीट. फक्त उजव्या हाताची चार बोटं सुतळीच्या आत होती. कुत्री आणि सुतळी यांच्यामध्ये. ताणल्यामुळे बोटांची टोकं पांढरी पडली होती आणि कवडू गाठीकडे पाहत होता.

माझ्या जिभेवर सात-आठ गोष्टी आल्या. एरवी त्यातली एकतरी सुटतेच. त्या दिवशी मी नुसतं बोट दाखवलं. मुकुंदनेही मान दुसरीकडे केली.

कवडूने पाहिलं. सुतळी सोडली, हात बाहेर काढून मांडीवर ठेवला. बोटांवर वळ उठले होते. "चार बोटं," तो म्हणाला. "मंग तेवढंच कमी कर."

मुकुंद म्हणाला की अगदी चिकटून नाही शिवत, दोन बोटं आत जातील एवढी जागा ठेवतो, नाहीतर बगलेत घासेल. कवडूने मान हलवली. मी त्याला तिथेच विचारलं, कारण विचारायची वेळ पुन्हा आली नसती. म्हटलं, तुला कशाचंच काही वाटत नाही, मग या कुत्रीसाठी एवढं काऊन करून राहिला?

तो सुतळी गुंडाळू लागला. मला वाटलं ऐकलं नसेल. मग म्हणाला, "हिले थंडी वाजते, थे मले दिसते. माह्यी मले समजत नाही."

त्याच्या आवाजात दुःख वगैरे काही नव्हतं. रस्ता कुठे जातो ते सांगावं तसं त्याने सांगितलं.

तिसरं जाकीट दोघांनी मिळून काढलं, मी फक्त पाहायला. आरसे गेले, गोंडे गेले. बाहेरून जुन्या ब्लँकेटचा कपडा, आतून प्रेमलताचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं, म्हणजे उघड्या चामडीला घासणार नाही. पुढे दोन पायांसाठी दोन भोकं, छातीखाली आणि अर्ध्या पोटाखाली अखंड कपडा, मागचा भाग शेपटीच्या अलीकडे थांबलेला. बांधायचं ते पोटाखाली नाही, पाठीवर. पण कशाने? मुकुंद बटण म्हणाला, हूक म्हणाला, कवडू नाही नाही करत राहिला. मग उठून त्याने घरातून गाईचं जुनं दावं आणलं. ज्याने गुरं बांधली त्याला सांगायला नको, दाव्याच्या एका टोकाला जाड गाठ असते, दुसऱ्या टोकाला फास. गाठ फासातून आरपार ढकलली की बसली, जनावर कितीही ओढो. अंगठ्याने ढकलायची आणि अंगठ्यानेच काढायची. दुसरा हात जनावरावर ठेवायचा असतो, म्हणून गुराख्यांनी ती एका हाताची केलेली असते. तसल्या तीन गाठी आणि तीन फास मुकुंदने सुताच्या दोरीचे करून पाठीवर शिवले. ढोरांचा माणूस आणि झुलींचा शिंपी, दोघांना मिळून तीन आठवड्यांत हे सुचलं. तेवढ्यात प्रेमलताच्या निघण्याचा दिवस आला.

गजेंद्र सकाळीच बोरगावहून आला. रिकामी क्रेटं घेऊन जायची होती, म्हणून छोटा हत्ती टेम्पो आणला होता, आणि त्यात एका कोपऱ्यात पोतं अंथरलेलं होतं. पोत्याकडे सगळ्यांनी एकदा पाहिलं. वारा उत्तरेचा होता, ओट्यावर उभं राहवत नव्हतं. प्रेमलता बॅग भरून दारात खुर्ची टाकून बसली. मी बोलावल्याशिवाय गेलो होतो, नेहमीसारखा.

कवडूने जाकीट जमिनीवर उघडं पसरलं, भोकं वर. डाव्या हातात बिस्किट घेतलं. सुपारीने एक पाय एका भोकात ठेवला, दुसरा बाहेर. काढला, पुन्हा. दुसऱ्या वेळी उलटं झालं. गजेंद्रने चहा घेतला. तिसऱ्या वेळी दोन्ही पाय आत गेले आणि बिस्किट तिला मिळालं. आता दोन्ही कडा पाठीवर आणायच्या. उजवीकडची कड त्याने वर ओढली, आणि ती घसरू नये म्हणून डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून तिच्यावर ठेवला. नुसता ठेवला, आपण कागद उडू नये म्हणून त्यावर काही ठेवतो तसा. मग डावी कड आणली आणि पहिली गाठ फासात ढकलली. बसली. दुसरी ढकलताना सुपारी अंग झटकायला लागली, हात खाली पडला, कड घसरली. पुन्हा पहिल्यापासून. गजेंद्रने दुसरा चहा घेतला आणि मोबाइलमध्ये वेळ पाहिली. प्रेमलता त्याला म्हणाली की घाई असेल तर जा, संत्रं काही पळून जात नाही.

दुसरी बसली. तिसरी मानेजवळची, तिथे फास थोडा लहान शिवला गेला होता. कवडूचा अंगठा घसरत होता. तो कुरकुरला नाही, थांबला नाही, त्याला घामही आला नाही. एखादं फाटक लागत नसेल तर माणूस लावत राहतो, तसा तो लावत राहिला. मग तीही गेली.

त्याने उभं राहून प्रेमलताकडे पाहिलं. सुपारी अंगणात गेली, फिरली, उन्हाच्या पट्ट्यात बसली. जाकीट कुठेच सरकलं नाही. मग तिला बोलावून त्याने काढूनही दाखवलं. काढायला वेळ लागला नाही.

मला वाटलं आता प्रेमलता खूश होईल. मी तर टाळी वाजवायच्या बेतात होतो. पण तिचं तोंड फुगलेलं होतं, आणि जे मी बसस्टँडवर तीन आठवडे उलटं सांगत फिरलो होतो ते मला तेव्हा दिसलं. तो सुनेकडे जाणं टाळत नव्हता. तिलाच त्याला सोबत न्यायचं होतं. दोन महिने एकटी राहायचं नव्हतं तिला. अट घालताना तिने धरूनच ठेवलं होतं की याला जमणार नाही.

"कुत्रीले तीन गाठी मारल्या," ती म्हणाली. "सोताच्या सदऱ्याचं एक बटन लावलं का दोन वर्षांत? मीच लावून राहिली ना रोज?"

कवडूने स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं. बटणं लावलेली होती, तिनेच लावलेली. "त्याच्यात गाठ नाही," तो म्हणाला.

गजेंद्र हसला. मीही हसलो असतो, पण प्रेमलता माझ्याकडे पाहत होती.

ती भावाच्याच गाडीत बसली, बसस्टँडवर उतरेन म्हणाली. पोतं गुंडाळून गजेंद्रने क्रेटांमागे टाकलं. पण बसस्टँडच्या आधी तिने मुकुंदच्या दुकानापाशी गाडी थांबवली आणि बॅगेतून कवडूचे तीन सदरे काढून त्याच्या मशीनवर आपटले. बटणं काढ, कुत्रीला लावले तसले गाठी-फास लाव, आणि त्याला सांगू नको की मी दिले. मुकुंदने ते मला अर्ध्या तासात सांगितलं. मी कवडूला सांगितलं नाही. हे माझं आयुष्यातलं एकच गुपित असेल, आणि तेही इथे लिहून बसलो.

जानेवारी काढला. सकाळी साडेसहाला जाकीट चढायचं, दहाच्या उन्हात उतरायचं, दुपारी तारेवर हवा खायचं, पाचला पुन्हा चढायचं. मधे दोन दिवस अवकाळी पाऊस आला, गारा पडल्या. जाकीट ओलं झालं तेव्हा कवडूने लगेच काढलं आणि सुपारीला चुलीजवळच्या पोत्यावर घेतलं. कपडा कोरडा झाला की नाही ते तो डाव्या हाताने पाहायचा. एकदा मी म्हटलं, उजव्याने पाहा की, सवय होईल. तो म्हणाला, उजवा खोटं सांगते. पांढुर्ण्याहून फोन आला की मुलगी झाली, बाळ-बाळंतीण खुशाल. कवडू बरं म्हणाला, फोन ठेवला, आणि मला सांगितलं. मी गल्लीभर सांगितलं. पेढे मीच मागितले, मीच आणले आणि मीच खाल्ले.

फेब्रुवारीच्या शेवटी शिवानी मॅडमनी सुपारीची छाती तपासली. साफ आहे म्हणाल्या. पोटावर बारीक लव आली होती. दुपारी ऊन चटकायला लागलं होतं, आता जाकिटाची गरज नाही, धुऊन ठेवा, असं त्यांनी सांगितलं.

सव्वा महिना झाल्यावर चंचल आणि बाळाला घेऊन प्रेमलता दोन दिवसांसाठी सौसरला आली. बाळ खाटेवर ठेवलं. सुपारी आली, लांबून वास घेतला, जाऊन भिंतीशी बसली. कवडूने बाळाकडे पाहिलं, चंचलला बस म्हणाला. प्रेमलताने आल्या आल्या घरभर नजर फिरवली. भांडी घासलेली, ओटा झाडलेला, नवरा आणि कुत्री दोघंही शाबूत. मग ती त्याच्याजवळ बसली. मी दाराशीच होतो. मला कोणी जा म्हटलं नाही.

"करमलं का तुमाले?" तिने विचारलं. हळू विचारलं. तिला काय ऐकायचं होतं ते मलाही समजलं.

कवडू विचार करत राहिला. तो खरंच शोधत होता, तेवढं त्याच्या तोंडावर दिसलं.

"समजलं नाही," तो म्हणाला. मग, "सकाळी घालाचं, दहाले काढाचं. पाचले घालाचं. तेवढ्यात दिवस जाये."

प्रेमलताने मान हलवली. रागावली नाही. तिने त्याचा उजवा हात घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला, आणि तो तिथे आहे हे त्याला दिसावं म्हणून त्याची मान तिकडे वळेपर्यंत थांबली.